तिसऱ्या चाकाची लाज कशाला?

आंबेडकरी चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी मोर्चे लिहिले, परिषदा लिहिल्या, गटातटांची भांडणेही सविस्तर लिहिली. पण ही चळवळ तालुक्याच्या गावाहून वस्तीवस्तीपर्यंत कशावर बसून गेली, हे मात्र फारसे कोणी लिहिले नाही. ती दोन चाकांवर गेली. आधी सायकलवर, मग लुनावर, मग हप्त्याने घेतलेल्या जुन्या स्कूटरवर. मागच्या सीटला पत्रकांचा गठ्ठा बांधलेला, हँडलला निळा झेंडा, डिकीत बुद्धवंदनेची पुस्तिका आणि वर्गणीचे पावतीपुस्तक. रात्री अकराला सभा संपायची आणि कार्यकर्ता वीस किलोमीटर गाडी हाकत घरी यायचा. पक्षाची गाडी नाही, भत्ता नाही, पेट्रोलही पदरचेच.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. लुना आणि बजाजची चेतक याच साली बाजारात आल्या. योगायोग असेल, पण बोलका आहे. त्या वेळी विशीत असलेला पँथर आज सत्तरी ओलांडून गेला. नामांतराच्या लढ्यात, १९७८ पासून १९९४ च्या १४ जानेवारीपर्यंत, ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले, घरे जळताना पाहिली, त्यातला तेव्हाचा कॉलेजकुमार आज साठी-पासष्टीच्या घरात आहे. या पिढीचे काय चालले आहे? आम्ही आमच्या जिल्ह्यात गेली काही वर्षे पाहतो आहोत. बैठकीला अमुक काका आले नाहीत. का? तब्येत बरी नसते. पुढच्या बैठकीलाही नाहीत. मग त्यांना निरोप देणेच बंद होते. चौकशी केली की कळते, काका ठणठणीत आहेत, पेपर वाचतात, डोके तल्लख आहे. फक्त गाडी चालवता येत नाही. गुडघा धरतो, सिग्नलला पाय टेकवला की तोल जातो, एकदा पडले, म्हणून मुलाने चावी काढून घेतली.

चळवळीतून माणसे मतभेदाने गेली, आमिषाने गेली, याची चर्चा आपण रोज करतो. गुडघ्याने गेलेली माणसे मात्र आपण मोजतच नाही. त्यांच्यासाठी एक साधा उपाय आहे. दोन चाके झेपत नसतील तर तिसऱ्या चाकाचा आधार घ्या. या साध्या उपायाच्या आड लाज येते, सरकारी खिडकी येते आणि आपली स्वतःची बेफिकिरीही येते. आजचा लेख त्याबद्दल आहे.

आधी गाडीचे गणित समजून घेऊ. दोन चाकांची गाडी वेगात असताना बऱ्यापैकी स्वतःचा तोल स्वतः सांभाळते. खरी परीक्षा होते ती हळू चालताना, वळताना आणि थांबताना. बिनगिअरची साधी स्कूटरसुद्धा शंभर किलोच्या आसपास भरते. मागे बायको किंवा नातू बसलेला असला की वजन आणखी वाढते. हे सारे वजन त्या एका क्षणी एका पायावर, एका गुडघ्यावर येते. तरुणपणी ते कळतही नाही. साठीनंतर गुडघ्याची वाटी झिजली, कंबर आखडली, कानातला तोल सांभाळणारा भाग मंदावला की तोच क्षण घात करतो. म्हातारा माणूस पडतो तो बहुधा वेगात पडत नाही. तो दारासमोर, चौकात, खडीवर, जवळजवळ उभ्या गाडीवरून पडतो. आणि त्या वयात मोडलेले खुब्याचे हाड माणसाला कायमचे अंथरुणाला खिळवू शकते. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. दुचाकी हे गरिबाचे वाहन आहे, आणि रस्त्यावर मरणाराही प्रामुख्याने तोच आहे.

श्रीमंत देशांत यावर बाजाराने उत्तर काढले. इटलीच्या पियाज्यो कंपनीने २००६ मध्ये पुढे दोन चाके असलेली आणि वळणावर झुकणारी स्कूटर आणली. कॅनडात २००७ मध्ये स्पायडर नावाची तीनचाकी आली. अमेरिकेत हार्ले डेव्हिडसनने २००९ च्या मॉडेलपासून मागे दोन चाकांची मोठी मोटारसायकल विकायला काढली. तिकडचा निवृत्त माणूस गुडघा दुखू लागला की पैसे मोजतो आणि दोनावरून तिनावर येतो. त्याला कोणी विचारत नाही की बाबा, तू किती टक्के अपंग आहेस?

आपल्याकडे उत्तर निघाले ते गॅरेजमध्ये. स्कूटरच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दांड्यावर दोन छोटी चाके बसवायची. मोजली तर चाके चार होतात, पण लोक तिला तीनचाकीच म्हणतात, कोणी साइड व्हीलची गाडी म्हणतात. काही ठिकाणी मागचे चाक काढून पूर्ण अॅक्सलच दोन चाकांचा बसवतात, ती खरी तीनचाकी. पोलिओने पाय गेलेल्या हजारो तरुणांनी या गाड्यांवर कॉलेज केले, नोकऱ्या केल्या, संसार केले. अपंगांच्या चळवळीने स्वतःच्या हिमतीवर उभे केलेले हे वाहन आहे. म्हाताऱ्या कार्यकर्त्याने त्यावर बसायला काय हरकत आहे?

हरकत मनाची आहे. "वकीलसाहेब, लंगड्याच्या गाडीवर बसून मी जयंतीच्या मिरवणुकीला जाऊ का?" असे एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने आम्हाला विचारले. ज्याने आयुष्यभर जन्माचा कलंक नाकारला, तो माणूस शरीराचा कलंक मात्र मान्य करतो! जात जशी समाजाने माणसाच्या कपाळावर चिकटवलेली गोष्ट, तशीच ही लाज. पायाला काही झाले म्हणून माणूस कमी होत नाही, हे आपण समतावाद्यांनी नाही म्हणायचे तर कोणी म्हणायचे? जो धम्म कर्मविपाकाच्या नावाखाली पूर्वजन्मीचे पाप मानत नाही, त्या धम्माच्या उपासकाला काठीची, कुबडीची, तिसऱ्या चाकाची लाज वाटावी, हे मनुवादाचे आपल्या डोक्यात उरलेले अवशेष आहेत.

नावे बदलून लाज जात नसते, हेही याच ठिकाणी सांगितले पाहिजे. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी रेडिओवरून सुचवले की विकलांगांना दिव्यांग म्हणा. मग फलक बदलले, शिक्के बदलले, खात्यांची नावे बदलली. आम्हाला हा खेळ जुना वाटतो. अस्पृश्याला हरिजन म्हटले, पण विहीर उघडली नाही. बाबासाहेबांनी ते नाव नाकारले ते यासाठीच. देवाचे नाव लावून मान मिळत नाही, हक्क मिळाल्याने मिळतो. दिव्यांग म्हणा, नाहीतर आणखी काही म्हणा. कचेरीला उतार आहे का, बसला खालची पायरी आहे का, गाडीची नोंदणी फेऱ्या न मारता होते का, एवढे सांगा.

आता कायद्याकडे वळू. आम्ही कायद्याचे विद्यार्थी आहोत, आणि आपल्या लोकांना अर्धवट माहितीने होणारा त्रास रोज पाहतो. पहिली गोष्ट, गॅरेजमध्ये जाऊन चाके बसवली आणि गाडी रस्त्यावर आणली, असे करू नका. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे कलम कडक करून सांगितले की उत्पादकाने नोंदवलेल्या रचनेच्या विरुद्ध बदल चालणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा घातली.

पण याच दुरुस्तीने एक दारही उघडले, आणि ते आपल्याला माहीत असले पाहिजे. शारीरिक व्यंग किंवा अपंगत्व असलेल्या माणसासाठी मालकाला आपली गाडी बदलून घेता येते आणि त्यानंतर नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता घेता येते, असे कलम ५२ मध्ये स्पष्ट लिहिले गेले. अशा गाडीला कायदा अनुकूलित वाहन म्हणतो. पूर्वी इंग्रजी कायद्यात तिच्यासाठी जो शब्द होता त्याचा अर्थ दुबळ्याची, निकामी माणसाची गाडी असा होत होता. तो शब्द गेला आणि लायसन्सच्या वर्गवारीतही अनुकूलित वाहन हा शब्द आला. हा बदल चांगला आहे, कारण आता शब्द माणसाला उणे म्हणत नाही, गाडीला त्याच्या सोयीची म्हणतो.

खरी अडचण येते ती खिडकीवर. आमचा अनुभव असा की म्हातारा माणूस अर्ज घेऊन गेला की पहिला प्रश्न येतो, ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र कुठे आहे? जिल्हा रुग्णालयात गेले तर डॉक्टर म्हणतात, हे वयोमान आहे, अपंगत्व नाही. गुडघ्याचे मोजमाप १५-२० टक्क्यांवर थांबते. आरटीओ म्हणते अपंग नाहीस म्हणून तीनचाकी नाही. घरचे म्हणतात धड नाहीस म्हणून दुचाकी नाही. मधल्या मध्ये माणूस घरात बसतो.

आमचे कायदेशीर म्हणणे असे आहे. ४० टक्क्यांची अट येते ती दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधून, आणि ती मुख्यतः आरक्षण व काही विशिष्ट लाभांसाठी आहे. मोटार वाहन कायद्यातील अनुकूलित वाहनाच्या व्याख्येत टक्केवारीचा उल्लेख नाही. तिथे शब्द आहेत ते कोणतेही शारीरिक व्यंग किंवा अपंगत्व असे. झिजलेला गुडघा, अर्धांगवायूनंतर कमजोर राहिलेला पाय, बदललेला खुबा, कंपवाताने हलणारा हात, ही शारीरिक व्यंगे नाहीत तर काय आहेत? करात सवलत हवी असेल तर प्रमाणपत्राची मागणी समजू शकते, कारण तिथे सरकारचा पैसा जातो. पण ज्याला सवलत नको, फक्त स्वतःच्या पैशाने स्वतःची गाडी सुरक्षित करून घ्यायची आहे, त्याच्याकडे टक्केवारी कशासाठी? हाडांच्या डॉक्टरचे स्पष्ट मत आणि गाडीची तपासणी पुरेशी मानली पाहिजे. तोंडी नकार आला तर परत फिरू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, कारणासह लेखी उत्तर मागा. उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली विचारा की ४० टक्क्यांची अट कोणत्या नियमात, कोणत्या परिपत्रकात आहे. कागदावर विचारले की खिडकीचा सूर बदलतो.

या मागणीला घटनेचाही आधार आहे. राज्यघटनेचे अनुच्छेद ४१ काढून पाहा. बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि अपंगत्व या प्रसंगी नागरिकाला सार्वजनिक साहाय्य मिळावे, अशी तरतूद राज्याने आपल्या आर्थिक ताकदीच्या मर्यादेत करावी, असे तिथे सांगितले आहे. घटनेने वार्धक्य आणि अपंगत्व शेजारी शेजारी बसवले. त्यांच्यात टक्केवारीची भिंत उभी केली नाही. आणि योगायोग पाहा, २०१६ च्या हक्क अधिनियमाचे कलमही ४१ च आहे, ज्यात परवडणाऱ्या खर्चात व्यक्तिगत हालचाल शक्य व्हावी म्हणून सवलती आणि वाहनांत अनुकूल बदल यांच्या योजना सरकारने कराव्यात असे लिहिले आहे. ही दोन्ही एक्केचाळीस जोडून वाचली की आमची मागणी उभी राहते. वार्धक्याने आलेल्या शारीरिक उणिवेलाही अनुकूलित वाहनाचा हक्क द्या, आणि शासनाने तसे परिपत्रक स्पष्ट शब्दांत काढावे.

काही व्यवहाराच्या गोष्टीही ध्यानात ठेवाव्यात. बदल केल्यावर १४ दिवसांच्या आत आरसी बुकासह नोंदणी अधिकाऱ्याला कळवा. गाडीवर कर्ज असेल तर आधी वित्तसंस्थेची लेखी संमती घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा आणि पॉलिसीवर तशी नोंद करून घ्या, नाहीतर अपघातानंतर कंपनी याच बदलाचे निमित्त करून हात वर करील. दुचाकीचे जुने लायसन्स आहे म्हणून गाफील राहू नका. अनुकूलित वाहनाची नोंद लायसन्सवर वाढवून घ्यावी लागते. पंचावन्न वर्षे उलटली की लायसन्सचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठीच होते, तेव्हा तारीख लक्षात ठेवा. आणि अशी गाडी केवळ त्या व्यक्तीच्या किंवा तिच्यासाठीच्या वापराची असते. बापाच्या नावाने सवलत घेऊन मुलाने ती दुकानाच्या मालासाठी फिरवली तर उद्या खऱ्या गरजूची वाट बंद होते. २०२१ साली जीएसटी परिषदेने अपंगांच्या गाड्यांना जोडायच्या किटवरचा कर ५ टक्क्यांवर आणला, हेही दुकानदाराला सांगायला हरकत नाही.

तीनचाकीची भलामण करताना तिचे दोष लपवणे हा अप्रामाणिकपणा होईल. चाळीस वर्षे दुचाकी चालवलेल्या माणसाला वाटते, हिच्यात काय शिकायचे? आणि तोच पहिल्या आठवड्यात फसतो. दुचाकी वळणावर झुकते, आपण अंग झुकवले की वळते. साइड व्हीलची गाडी झुकत नाही, तिला हँडलने वळवावे लागते, आणि वेगात वळवली तर ती बाहेरच्या बाजूला फेकते, उलटूही शकते. थांबताना पाय खाली टेकवण्याची जुनी सवय इथे घातक आहे, कारण मागून येणारे बाजूचे चाक त्याच पायावर चढते. गाडी रुंद झालेली असते, त्यामुळे दोन रिक्षांच्या फटीतून काढण्याचा मोह सोडावा लागतो. खड्डे चुकवतानाही दुचाकीला एक रेघ लागते, हिला तीन रेघा लागतात. वस्तीच्या रस्त्यावर तर आणखी अडचण. मधे खोलगट आणि दोन्ही बाजूंना उंचवटा असला की बाजूची चाके टेकतात, मधले ओढणारे चाक अधांतरी फिरत राहते आणि गाडी जागची हलत नाही. बाजूच्या चाकांना बहुधा ब्रेक नसतो. म्हणून मोकळ्या मैदानावर आठ-पंधरा दिवस सराव करा, मगच रस्त्यावर या. हेल्मेट तीन चाकांवरही हवेच.

तिसरे चाक तोल देते, नजर देत नाही. मोतीबिंदू पिकला असेल, रात्री समोरच्या दिव्याने डोळे दिपत असतील, साखर एकदम उतरून चक्कर येत असेल, तर चाके तीन काय आणि चार काय, चावी ठेवून देणेच योग्य. स्वतःचा जीव स्वतःचा असेल, रस्त्यावरचे लेकरू दुसऱ्याचे असते. अत्त दीप म्हणजे हट्ट नव्हे. स्वतःकडे उघड्या डोळ्यांनी पाहणे हाही त्याचा अर्थ आहे.

काही मित्र म्हणतील, एवढ्या प्रश्नांच्या गर्दीत हा गाडीचा प्रश्न कशाला? शिष्यवृत्त्या अडल्या आहेत, भरती बंद आहे, अत्याचार थांबत नाहीत. आम्ही विचारतो, या प्रश्नांवर तहसीलमध्ये निवेदन घेऊन जाणार कोण? फिर्याद नोंदवायला रात्री पोलीस ठाण्यात जाणार कोण? वस्तीतल्या पोराला जातीच्या दाखल्यासाठी कोणता कागद लागतो हे ज्याला तोंडपाठ आहे, तो माणूस घरात बसला तर नुकसान कोणाचे? दुसरे म्हणतील, म्हाताऱ्यांनी आता आराम करावा, एसटी आहे ना. एसटी आहे, आणि २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना तिचा प्रवास मोफतही आहे. चांगलेच झाले. पण एसटी गावाच्या फाट्यावर सोडते. आपली वस्ती फाट्यावर नसते, ती गावाच्या पलीकडच्या टोकाला असते, कारण ती तिथेच वसवली गेली. फाट्यापासून वस्तीपर्यंतचे ते दोन-तीन किलोमीटर हे जातीने घातलेले अंतर आहे. २०२१-२२ च्या संपात एसटी महिनोन्महिने बंद राहिली, तेव्हा ज्याच्या दारात चालती गाडी होती त्याचेच औषधपाणी वेळेवर झाले.

आपल्या बायाबापड्यांचाही विचार करा. निवृत्त नर्स, अंगणवाडी सेविका, शिक्षिका अशा किती तरी भगिनी चाळिशीत स्कूटी शिकल्या. वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला बायकांना जमवणाऱ्या याच. नवरा सोडायला येईल तेव्हा जायचे, हे त्यांनी एकदा मागे टाकले. आता साठीत गुडघ्याने त्यांना परत त्याच उंबरठ्यावर आणून बसवायचे का? पुरुषाची गाडी सुटते तेव्हा त्याचा रुबाब जातो, बाईची गाडी सुटते तेव्हा तिचे स्वातंत्र्य जाते. तेव्हा तिसऱ्या चाकाची चर्चा फक्त कार्यकर्त्या काकांची नाही, ती मावशींची आणि आत्यांचीही आहे.

वाहनाचा प्रश्न आपल्यासाठी कधीच किरकोळ नव्हता. बाबासाहेब लहान असताना, १९०१ च्या सुमारास, भावंडांसह वडिलांकडे जायला मसूर स्टेशनवर उतरले. जात कळताच गाडीवान त्यांना गाडीत बसवून हाकायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन तो पायी चालला आणि गाडी त्या पोरांनाच हाकावी लागली. १९२९ च्या ऑक्टोबरात चाळीसगावला परदेशातून शिकून आलेल्या बॅरिस्टर आंबेडकरांचा टांगा हाकायला टांगेवाल्याने नकार दिला. वस्तीतल्या, टांग्याची सवय नसलेल्या माणसाने लगाम धरला, टांगा पुलाशी उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. ज्या समाजाच्या नेत्याचा पाय वाहन नाकारल्यामुळे मोडला, त्या समाजाने स्वतःचे वाहन, स्वतःचे लगाम आणि आपल्या माणसांचे पाय यांची किंमत ओळखलीच पाहिजे.

आणि आधार घेण्याची लाज? १९५६ च्या १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर बोधिसत्त्व बाबासाहेब आले ते हातात काठी आणि नानकचंद रत्तू यांच्या खांद्याचा आधार घेऊन. वय अवघे ६५, शरीर मधुमेहाने आणि संधिवाताने पोखरलेले. लाखो डोळ्यांसमोर त्यांनी तो आधार लपवला नाही, आणि त्या आधारावर उभे राहून इतिहास बदलला. त्याही मागे जा. महापरिनिब्बाण सुत्तात ऐंशी वर्षांचे तथागत आनंदाला सांगतात की हे शरीर आता जुन्या गाडीसारखे झाले आहे, बांधाबांध करून चालवावे लागते. तथागतांनी ती गाडी मोडीत काढली नाही. बांधून घेतली आणि कुशीनाऱ्यापर्यंत चालवली, वाटेत उपदेश करीत.

मग आपण काय करायचे? प्रत्येक तालुक्यातील विहार समितीने आधी यादी करावी, की साठीपुढचे कोणकोण कार्यकर्ते आणि भगिनी केवळ वाहनामुळे येणे बंद झाले. ज्यांना दुचाकी झेपत नाही पण नजर आणि भान शाबूत आहे, त्यांच्यासाठी एक दिवसाचे शिबिर घ्यावे. हाडांचा डॉक्टर, डोळ्यांचा डॉक्टर, एक वकील आणि ही गाडी वर्षानुवर्षे चालवणारा एखादा अपंग बांधव. शिकवण्याचा मान त्यालाच द्यावा, कारण या विषयात तोच गुरू आहे. अर्ज एकत्र भरावेत आणि एकत्र न्यावेत. एकट्या म्हाताऱ्याला खिडकी हाकलते, वीस जणांना खुर्ची देते. ज्यांचे अपंगत्व प्रमाणपत्राच्या मोजमापात बसते त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील ५ टक्के अपंग निधीचा हिशेब ग्रामसभेत मागावा. हा निधी किती गावांत खरोखर खर्च होतो, हे विचारायलाही कोणी जात नाही. जयंतीच्या वर्गणीतून डीजेवर जाते त्याचा दहावा हिस्सा बाजूला काढला तरी दरवर्षी एका गरीब कार्यकर्त्याच्या गाडीला चाके बसतील.

आणि विहारे? किती विहारांना उतार आहे? किती ठिकाणी सभागृह पहिल्या मजल्यावर, जिना उभा आणि कठडा नाही? सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या नोव्हेंबरात सरकारला बजावले की सुलभतेचे नियम ऐच्छिक असू शकत नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत. हा निकाल सरकारला झाला म्हणून आपण टाळ्या वाजवल्या. आपल्या विहाराच्या पायऱ्यांना तो लागू करायला आपल्याला कोणाचा आदेश हवा आहे? जो तीनचाकीवर दारापर्यंत आला, त्याने दारातूनच बुद्धमूर्तीला हात जोडून परत जायचे, हे आपल्याला शोभत नाही.

ज्यांना कोणतीच गाडी चालवता येणार नाही असेही बरेच असतील. त्यांच्यासाठी तरुणांनी आठवड्यातला एक फेरा ठरवून घ्यावा. आमच्या पिढीला या माणसांनी मागच्या सीटवर बसवून सभांना नेले. त्यांनी आम्हाला बाबासाहेब दाखवले. आता मागची सीट त्यांची आहे. मात्र ज्याला अजून स्वतः हँडल धरता येते, त्याच्या हातातून चावी काढून घेण्याआधी त्याच्या गाडीला चाके बसतात का ते पाहा. बापाची काळजी म्हणून बापाला कैद करू नका.

साठी-सत्तरीच्या त्या सर्व ज्येष्ठांना आमची हात जोडून विनंती आहे. तुम्ही कधी कोणाच्या नजरेला भिऊन निळा झेंडा खाली घेतला नाही. आता चार पोरे हसतील म्हणून घरी बसू नका. डोळे तपासा, डॉक्टरांना दाखवा, कागद पक्के करा, मैदानावर सराव करा आणि गाडीला आधार लावून घ्या. गाडीची चाके किती हे लोक दोन दिवस मोजतील, तिसऱ्या दिवशी विसरतील. पुढची बैठक रविवारी आहे. तुमची खुर्ची रिकामी आहे.

जयभीम!